भिंतीपलीकडची भुरी

आमच्या मोहाडीतल्या गल्लीत विमलाबाई म्हटलं की लोक आवाज खाली घेतात. घेतलाच पाहिजे. हे घर मी उभं केलं, दोन लेकरं मी शिकवली, नळाची लाईन येत नव्हती तवा नगर पंचायतीत जाऊन टेबलावर हात मी आपटला. शाळा म्हणाल तर चौथी, तीही गुरुजीनं ढकलली म्हणून. पण अक्कल शाळेत भेटते असं ज्याले वाटते त्यानं आमच्या जीवनकडे पाहावं. पदवी आहे, अन घरातून निघताना मायले सांगून निघायची अक्कल नाही.

सकाळी नऊले हेल्मेटचा पट्टा टक् वाजला की समजायचं, जीवन भंडाऱ्याले ऑफिसात चालला. त्याच्या मागून सून रुचिता, ती तुमसरच्या शाळेत शिकवते. तिच्या चपलांचा आवाज, मग फाटकाची कडी. संपलं. संध्याकाळी सहापर्यंत मी अन भिंती. पोरगी प्रतिक्षा साकोलीले दिली. ती फोन करते, पण ठेवताना "ठेवतो" म्हणत नाही. बोलता बोलता आवाजच बंद होते.

एकदा मी जीवनले म्हटलं, "काय रे, सांगून जात जा ना."

"कुठं जातो ते तुले ठाऊक नाई का, आई? रोजचंच त आहे."

"जेवणंही रोजचंच आहे. तवा वाढ म्हणतोस ना मले?"

तो हसला. हेल्मेटच्या आत हसलेलं दिसत नाही, पण खांदे हालले.

हे यासाठी सांगून राहिली की पुढं मी जे केलं, ते कोणत्या पोटदुखीनं केलं ते समजावं.

चंद्रकांता आमच्या भिंतीपलीकडे राहते. नवरा वारला, त्याच्या जागेवर तहसीलमध्ये लागली, तवापासून इथं. अकरा वर्षं झाली. लेकरू नाही, बाळ नाही. पन्नाशीची बाई, पण वेणी घट्ट, साडी कडक. तिचं मले नेहमी वाईट वाटे. अन खरं सांगतो, तिचं वाईट वाटण्यात मले बरंही वाटे. पौर्णिमेले खिरीची वाटी तिच्याकडे नेऊन देताना माझी मान जरा उंचच राहे.

मग या हिवाळ्यात भुरी आली.

गल्लीच्या टोकाले रस्त्याच्या कामावरचे लोक भाड्यानं राहत. काम संपलं, सामान गाडीत भरलं, अन त्यांची कुत्री इथंच राहिली. बंद दारापुढे तीन दिवस बसून होती. गल्लीतल्यांनी पोळी टाकली, मीही भात टाकला, तिनं हुंगलाही नाही. उचलून घरी नेलं ते चंद्रकांतानं. कोमट पाण्यानं धुतलं, गोणपाट टाकलं, भुरी नाव ठेवलं. अन लाडानं काय म्हणे? बाई! "खाय वं बाई. झोप वं बाई. आली का माही बाई." माझी सासू मले मरेपर्यंत "ए" म्हणे.

त्रास सुरू झाला तो साडेनऊचा. चंद्रकांता ऑफिसले निघाली की भुरी रडे. भुंकणं नाही. भुंकणाऱ्या कुत्र्याले निदान शिव्या देता येतात. ही रडे. बारीक, लांब, मधात थांबून श्वास घे, अन पुन्हा. पहिल्या दिवशी शाळेत सोडलेली पोट्टी रडते तशी. दुपारी एक-दीडपर्यंत. मी सपरीत, पुढच्या ओसरीवर, सूप मांडीवर घेऊन लाखोरीची डाळ निवडत बसे अन ऐके.

लोक वैतागले. समोरचे गोमाजी रिटायर माणूस, दुपारची झोप म्हणजे त्यांची जहागिरी. ते मले म्हणाले, "विमलाबाई, कुत्रं रडणं अपशकुन असते. कोणाचं तरी घर पाहून रडते ते."

"आमी बौद्ध माणसं, शकुन-अपशकुन मानत नाई. अन तुमच्या घोरण्यानं आजपर्यंत गल्लीत कोणी मेलं नाई, गोमाजी, त हिच्या रडण्यानं कोण मरते?"

पण तक्रारीत सगळ्यात मोठा आवाज माझाच होता, हे कबूल करतो. बाकीच्यांले आवाजाचा त्रास होता. मले वेगळाच. खडे निवडता निवडता डोक्यात एकच येई: हिच्यासाठी कोणीतरी चार-चार घंटे रडते. हिच्यासाठी! जिचं मी वाईट वाटून घेत होती तिच्यासाठी. माझी सख्खी पोरगी सासरी जाताना रडली नाही, चेहऱ्यावरचा पार्लरचा रंग जाईल म्हणून.

चंद्रकांतानं उपाय केले. रेडिओ लावून ठेवला, तर गल्लीले गाणंही अन रडणंही. आपली जुनी साडी टाकून पाहिली. मग खाटकाकडून हाडूक आणलं. भुरीनं दिवसभर त्याले तोंड लावलं नाही, अन संध्याकाळी मालकीण आल्यावर ते उचलून तिच्या पायाजवळ ठेवलं. हे चंद्रकांतानंच मले सांगितलं, डोळ्यात पाणी आणून.

"पाहा ना जी, उपाशी राहिली, पण माह्यासाठी ठेवलं तिनं."

"दात हालत असतील तिचे," मी म्हटलं.

आता भुरीले रडवणाऱ्या शब्दाचं सांगतो. तो मी शोधला, तहसीलवालीनं नाही.

जीवन रोज सकाळी भिंतीजवळ थांबे, खिशातून बिस्कीट काढे, पलीकडे टाके अन म्हणे, "बाय, भुरी!" हो, माझा लेक. मायले सांगायले तोंड नाही, अन दुसऱ्याच्या कुत्रीले बाय. मी चुलीपाशी ऐके अन तव्यावरची पोळी करपे. पण एक ध्यानात आलं. जीवन निघे तवा कुत्री रडत नसे, उलट शेपूट हालवे. रुचिता निघाली तरी रडत नसे. रडणं निघे ते चंद्रकांता फाटकाशी उभी राहून हाक टाके तवाच. चावी अजून हातात, कुलूप लावायचंच आहे, अन सूर सुरू. हाक काय, तर "येतो बाई!" मग जरा थांबून, मोठ्यानं, "येतो!"

मग एका शनिवारी गल्लीतली शकुनबाई माझ्याकडे बसायले आली. चंद्रकांताले सुट्टी होती. ती पलीकडच्या अंगणात केस वाळवून राहिली होती, अन भुरी तिच्या बाजूले पसरलेली. शकुनबाईनं सगळ्या गल्लीच्या चुगल्या केल्या, चहा घेतला, उठली, पदर झटकला अन म्हणाली, "चला, येतो बाई."

भिंतीपलीकडे रडणं सुरू झालं. मालकीण बाजूले बसलेली, अन कुत्री रडून राहिली.

"अव माय," शकुनबाई म्हणाली, "मी चालली म्हणून रडते का काय हे?"

"तू चालली त तुहा नवरा नाई रडत. निघ."

ती गेली. पण माझं डोकं लागलं कामाले.

आपल्याकडे घरातून निघताना कोणी "जातो" म्हणत नाही. आमच्या भागात बायाही "येतो"च म्हणतात. पाहुणा येतो म्हणून जाते, पोरगी येतो म्हणून सासरी जाते. ते रस्त्याच्या कामावरचेही गाडीत बसताना भुरीच्या डोक्यावर हात ठेवून येतोच म्हणाले असतील. माणसाले ठाऊक असते की येतो म्हणजे परत येतो. कुत्रीनं काय शिकावं? जो येतो म्हणते, तो जाते. चुकीचं काय शिकली ती? जसं दिसलं तसं शिकली.

चंद्रकांताले हे एवढंच सांगितलं असतं तर दुसऱ्या दिवशी गल्ली शांत झाली असती. नाही सांगितलं. पंधरा दिवस मी ते तोंडात धरून बसली. मी! जिच्या तोंडात तीळ भिजत नाही.

काहून? पोटात आग होती म्हणून. ती बाई एका कुत्रीले रोज सांगून जाते. एकदा हळू, एकदा मोठ्यानं. माणसाले सांगावं तसं. अन मले हेल्मेटचा पट्टा.

त्यातच एका रविवारी गल्लीतले चार लोक चंद्रकांताच्या अंगणात जमले. गोमाजीनं ऐकवून दिलं, एक तर कुत्रीचं काही करा, नाही तर आम्ही अर्ज देतो. चंद्रकांता हात जोडून म्हणाली, "ती बिमार नाई, जी. खोडीलही नाई. मी घरी असली की चकार शब्द नाई काढत. पाहा ना, तुमच्यासमोरच आहे."

भुरी तिच्या पायावर मान ठेवून बसली होती. एवढी शहाणी की फोटो काढावा. लोक नरम पडू लागले. माझी सून रुचिता तर खाली बसून तिचं डोकं कुरवाळू लागली. माझ्या डोक्याले तेल लाव म्हटलं की तिचा हात दुखते. गोमाजी म्हणाले, "तशी गरीब दिसते."

मी फाटकाजवळ उभी होती. घरी जाताना कोणीही म्हणते तसंच मी म्हटलं, फक्त जरा मोठ्यानं.

"बरं मग. येतो मी."

भुरी ताडकन उठली. आभाळाकडे तोंड केलं, अन असा सूर लावला की रुचिता मागच्या मागे बसली.

"पाहा!" गोमाजी म्हणाले. "मालकीण समोर आहे तरी रडते. बिमारीच आहे हे."

चंद्रकांता तिले पोटाशी धरून म्हणत होती, "काय झालं वं बाई? मी इथंच आहे ना. कुठंच नाई गेली मी." मी घरी आली अन सूप घेऊन बसली. खडा कोणता अन डाळ कोणती ते दिसत नव्हतं. तरी बसून राहिली.

बुधवारी संध्याकाळी चंद्रकांता माझ्याकडे आली. ऑफिसची साडीही बदलली नव्हती. आत ये म्हटलं तर पायरीवरच टेकली.

"पवनीवरून भाऊ येते रविवारी, गाडी घेऊन. भुरीले वावरात ठेवतो म्हणते. साखळीनं बांधून."

"बांधून कायले?"

"नाई त पळून येईन ना इकडं. तिकडं बिबट येते, जी. मागच्या साली त्याचे दोन कुत्रे नेले." तिनं पदराचं टोक बोटाले गुंडाळलं, सोडलं. "तुमी सांगा. गल्लीत तुमचा शब्द चालते. तुमी ठेव म्हटलं त गोमाजी चूप बसतील. तुमी धाड म्हटलं त धाडतो."

आता पाहा. "धाड" म्हणायले मी तोंड उघडलंच होतं. एका शब्दाचं काम होतं. रविवारपासून भिंतीपलीकडे शांतता, अन चंद्रकांता पहिल्यासारखी, जिच्याकडे पाहून वाईट वाटावं अशी.

तेवढ्यात ती म्हणाली, "संध्याकाळी कुलूप उघडतो ना, त नाचते, जी. सगळी गोल-गोल नाचते. माह्या येण्यानं कोणी नाचलं नाई आजपर्यंत."

हे तिनं बोलायले नको होतं. माझा तोल गेला.

"नाचते त नाचते! मले कायले सांगतेस? माह्या घरी दोन मोठी माणसं आहेत, चोरावानी निघून जातात. मले कोणी सांगते का? अन तू कुत्रीले रोज सांगून जातेस, येतो बाई, येतो! माणसाले भेटत नाई ते कुत्रीले! मंग रडणार नाई त काय करन ती? त्याच शब्दावर रडते! येतो ऐकलं की रडते! शकुनबाईनं म्हटलं तवा रडली, मी म्हटलं तवा रडली. पंधरा दिवस झाले मले समजून!"

बोलून गेली. अन मग माझं बोलणं मलेच ऐकू आलं.

भिंतीपलीकडून भुरीचा सूर आलाच. चंद्रकांतानं तिकडे मान वळवली. मग म्हणाली, "पंधरा दिवस?"

"हो."

"अन त्या रविवारी, सगळ्यांच्या समोर... मुद्दाम म्हटलं तुमी?"

"मुद्दाम." चूप राहतो मी, पण खोटं बोलत नाही.

मले वाटलं आता शिव्या देते. द्यायलेच पाहिजे होत्या. तिच्या जागी मी असती तर त्या पायरीवर उभी राहून सगळी गल्ली गोळा केली असती. तिच्या त नुसती कपाळाले आठी, जसा काही कोणाचा अर्ज चुकीच्या टेबलावर आला.

"पण भुरीले येतो कोण म्हणते?"

"तू! रोज. येतो बाई, येतो बाई. माह्या कानानं ऐकतो मी."

"ते भुरीले नाई, जी. तुमाले म्हणतो."

"मले?"

"घर बंद करून निघालं त शेजारी सांगून जावं लागते ना. एकटी बाई मी. भुरी त आता आली. मी अकरा वर्सापासून म्हणून राहिली. तुमचा आवाज येत नाई, म्हणून मंग एकदा मोठ्यानं म्हणतो. मले वाटे, बाईले कानानं कमी ऐकू येत असन."

अकरा वर्षं. भुरी यायच्या अगोदर मी ते ऐकलंच नव्हतं. म्हणजे कानावर पडत असेल, पण सकाळी माझे कान हेल्मेटच्या पट्ट्यामागे गेलेले असत, दूर, भंडाऱ्याच्या रस्त्याले लागेपर्यंत. ऐकू आलं ते कुत्री रडू लागली तवा. अन ऐकलं ते कुत्रीचं समजून, तिच्यावर जळून.

"कानानं मी ठणठणीत आहे," मी म्हटलं.

चंद्रकांता हसली, पण त्यात हसू कमी अन राग जास्त होता. "पंधरा दिवस माह्या जिवाचं पाणी केलं तुमी. तुमी शिकलेल्या असत्या त माफ नसतं केलं."

"शिकलेली असती त शोधलंच नसतं मी. भाऊले फोन कर, गाडी नको आणू म्हण. गोमाजीले मी पाहतो."

"अन सकाळी?"

"सकाळी काय? तोंड बंद ठेवून जाय. कुलूप लाव अन चाल. कोणाले काही म्हणू नको."

उपाय बरोबर होता. आजही म्हणतो, बरोबरच होता. पण शेवटचा शब्द तोंडातून निघाला अन समजलं की यात माझंच जाते. कोणीतरी मले सांगून जाते हे आत्ता, या पायरीवर, भेटलं होतं. अन हातात येते न येते तोच द्यायचं, तेही कोणासाठी? पुन्हा त्या कुत्रीसाठीच! तिच्या झोपेसाठी मी मुका निरोप घ्यायचा. पोटातली आग विझली असं कोणाले वाटत असेल तर त्यानं तसं समजू नये.

चंद्रकांता उठली. सवयीनं "येतो" तोंडावर आलं तिच्या. भिंत दहा पावलांवर. तिनं ते गिळलं. गिळताना दिसलं मले. दोन पावलं गेली, मागं फिरली.

"तुमाले न सांगता माहा पाय निघणार नाई, जी. 'जातो' म्हटलं त चालन का? तो शब्द भुरीले ठाऊक नाई."

जातो! घराबाहेर पाय टाकताना! आम्ही शकुन मानत नाही, हे मी गोमाजीले ठणकावलं होतं. पण हा शब्द माझ्या उंबरठ्यावर आजपर्यंत कोणी काढला नव्हता. माझे मालक दवाखान्यात जाताना रिक्षात दोघांनी धरून बसवले, तवाही येतोच म्हणाले. आले नाहीत ती गोष्ट वेगळी.

"म्हण," मी म्हटलं. "अन हळू नको म्हणू."

दुसऱ्या दिवशी मी साडेनऊच्या अगोदरच भिंतीजवळ जाऊन उभी राहिली. जीवन नऊले निघाला तवाही तिथंच होती. त्यानं बिस्कीट टाकलं, बाय म्हटलं, मग मले पाहून थबकला. "काय झालं, आई?"

"काही नाई. जाय. तुले उशीर होऊन राहिला."

मग चंद्रकांता निघाली. भुरी अंगणात उभी, कान ताठ. फाटक लागलं. चंद्रकांतानं चावी फिरवली, पर्समध्ये ठेवली, पुन्हा काढून कुलूप ओढून पाहिलं. दोनदा खाकरली. शेवटी मान खाली घालून, काही चोरून नेत असल्यासारखी म्हणाली, "जातो बाई."

काहून लपवू? एकाएकी तिले हाक मारून परत बोलवावंसं वाटलं. पण भुरी रडली नाही. ती वाट पाहून राहिली होती, की तो दुसरा शब्द येते कवा. नाही आला. एकदा माझ्याकडे पाहिलं, एकदा फाटकाकडे, अन खाली बसली.

चंद्रकांता अजून तिथंच उभी होती. आज पहिल्यांदा तिले ठाऊक होतं की मी ऐकून राहिली आहे. मी घसा साफ केला.

"ये," मी म्हटलं.

जाणाऱ्याले आपण दुसरं काय म्हणतो? पण भुरीले तेवढंच समजलं. धावत आली, दोन्ही पाय भिंतीवर टाकले, जीभ बाहेर काढून माझ्या तोंडाकडे पाहू लागली. चंद्रकांता पदर तोंडाले लावून हसत गल्लीनं निघून गेली.

"तुले नाई म्हटलं वं," मी भुरीले सांगितलं. "तिनं मले म्हटलं, मी तिले म्हटलं. तू मधात कायले येतेस?"

ती काही खाली उतरली नाही.